गळ्याजवळचा रंग

नाना पेठेत, सायकलच्या सुट्या भागांच्या दुकानामागं
म्याकल मास्तरांची खोली होती, म्हणजे अजून आहे.
तिथं पहिले सहा महिने
मी एकही अक्षर काढलं नाही.
ब्रश धुतले.

डालड्याच्या डब्यात रेशनचं रॉकेल, तीन बोटं, जास्त नाही.
पहिल्या डब्यात सुटतो तो रंग,
दुसऱ्यात सुटतो तो आळस, असं मास्तर म्हणायचे.
मग चिंधी. ओढायची नाही, दाबायची,
पत्र्याकडून टोकाकडे,
आजारी माणसाचे पाय चेपतो तशी.
मग पिवळा साबण तळहातावर
आणि ब्रश गोल गोल,
फेस पांढरा येईस्तोवर.
"हा पांढरा? हा तर चहा झाला."
पुन्हा.

गुरुवारी पेठेत पाणी नसायचं.
बुधवारी भरलेल्या पिंपातला एक तांब्या
फक्त ब्रशांचा.
मास्तर त्या दिवशी स्वतः तोंड धुवायचे की नाही,
मी विचारलं नाही.

ब्रशला गळा असतो, हे मला तिथं कळलं.
लाकूड संपतं, पत्रा संपतो, केस सुरू होतात,
तिथं, अगदी तिथं, रंग लपून बसतो.
टोक मऊ लागतं. आपण फसतो.
आठवड्यानं केस फाकतात
आणि 'श्री'ची वेलांटी दोन रेघांची निघते.
मास्तर डोळे मिटून ब्रश खालच्या ओठाला लावायचे.
खारीच्या केसांचा बारा नंबर एकदा माझ्या हातात दिला:
"लाव. सांग."
स्वच्छ आहे, मी म्हटलं.
"टोकाला काय विचारतेस? गळ्याला विचार."

सातव्या महिन्यात मला एक अनुस्वार मिळाला,
'पंक्चर'वरचा.

आता मी महापालिकेच्या भिंती लिहिते.
ओला कचरा, सुका कचरा, येथे थुंकू नये.
पैसे चौरस फुटावर, तेही तीन महिन्यांनी.
आणि मास्तरांचा हात
दोन वर्षांपासून थरथरतो.
डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा म्हणाले,
"इंग्रजी आहे ना, मग लिहायला सोपं."
बोर्ड थांबले.
त्यांनी खोलीतले सगळे ब्रश धुतले.
दुसऱ्या दिवशी तेच, पुन्हा.
तिसऱ्या दिवशी केस गळायला लागले.
त्यांची सून श्रीलता फोनवर म्हणाली,
वासानं मूल खोकतंय, पण थांबवू कशी?

तेव्हापासून शनिवारी
मी माझे ब्रश न धुता त्यांच्याकडे नेते.
कागदात गुंडाळून. जरा वाळू देऊन.
"सहा महिने शिकवलं ते हेच?"
घाई झाली, मास्तर.
"घाई! भिंत पळून चालली होती?"
मी मान खाली घालते.
ते अंगणात बसतात, टर्पेंटाइन ओततात,
तीन बोटं डब्यात, एखादं फरशीवर.
चिंधी. साबण.
थरथरत्या हातात फेस लवकर होतो.
तासाभरानं ब्रश ओठाला लावतात,
खोबरेलाचं बोट फिरवून टोक जुळवतात
आणि ब्रश डोक्यावर उभा करायचा नसतो
हे मला नव्यानं सांगतात.

गेल्या शनिवारी धायरीला घरी आल्यावर
सवयीनं दाबून बघितला गळा.
निळा निघाला. बराच.
'सुका कचरा'चा निळा.

रात्री मोरीत बसले.
आधी त्यांचं खोबरेल उतरवलं,
त्याचं जरा वाईट वाटलं.
मग दोन डबे. चिंधी. साबण.
फेस आधी आभाळी, मग राखाडी, मग चहा,
मग पांढरा.
पुन्हा खोबरेल लावलं,
टोक जुळवलं त्यांच्यासारखं, किंचित डावीकडे,
आणि आडवा ठेवला.

उद्या कोथरूड डेपोजवळची भिंत आहे.
ओला कचरा.
हिरवा.